मीठ आत, आम्ल बाहेर

रक्तात सुटा फिरणारा एक प्रोटॉन घ्या. प्रोटॉन म्हणजे आपला एकुलता एक इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन. आम्लाला आम्लपण येतं ते त्याच्यामुळे. या एकामागे त्याच रक्तात सोडियमचे आयन किती असतील? साधारण पस्तीस लाख. नुसतं सांगून पोरांना पटत नाही, म्हणून मी फळ्यावर भागाकार मांडते: लिटरमागे सोडियम १४० मिलिमोल, आणि सामू (म्हणजे पीएच; आम्ल जितकं जास्त तितका हा आकडा कमी) ७.४ धरला तर मोकळे प्रोटॉन ४० नॅनोमोल. नॅनोमोल म्हणजे मिलिमोलचा दहा लाखावा भाग. मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम, मग एवढ्याशाचं एवढं काय?"

रास्त प्रश्न आहे. पेशीला सोडियम थोडं कमीजास्त झालेलं चालतं, ती सोसून घेते. प्रोटॉनचं तसं नाही. तो सापडेल त्या प्रथिनाला जाऊन चिकटतो, प्रथिनावरचा विद्युतभार बदलतो आणि त्याची घडी बिघडते. साखर जाळण्याच्या साखळीत फॉस्फोफ्रुक्टोकायनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. आतलं वातावरण जरा आंबलं की ते मंदावतं आणि मागची सगळी रांग तुंबते. पेशीचा आतला सामू ७.२ च्या आसपास असतो, आणि तिला तो तिथंच हवा असतो.

पण त्याला तिथं ठेवायचं कसं? जगायचं म्हटलं की आम्ल तयार होणारच. शिवाय पेशीपटलाची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा ऋण असते, साठेक मिलिव्होल्टनं. प्रोटॉनवर धन भार, म्हणजे तो आपोआप आत ओढला जाणार. पेशीनं काहीच केलं नाही तर आतला सामू घसरत घसरत ६.४ वर येऊन टेकेल. तो तिथं येत नाही, कारण कुणीतरी रात्रंदिवस प्रोटॉन उचलून बाहेर टाकत असतं.

आमचं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं. दोन्ही हातांना यंत्रमाग, मधे गल्ली, आणि दिवसभर खटखट. शेजारचे अण्णा टॉवेलच्या मागांवर असत. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या खाली यायला तयार नसे, वर पत्रा तापलेला. संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसले की गडद निळ्या शर्टाच्या पाठीवर पांढऱ्या रेघा दिसायच्या, एकीच्या आत एक. घाम सुकला की एक रेघ, पुन्हा भिजून पुन्हा सुकला की दुसरी. आम्ही पोरं त्या रेघा बोटानं खरवडायचो आणि अण्णा ओरडायचे. अक्का मीठ-लिंबाच्या पाण्याचा तांब्या पुढं करायच्या. "मीठ गेलं की पोटऱ्या धरतात," असं अण्णा तेलुगू वळणाच्या मराठीत सांगायचे. त्यांचं सगळं शरीरशास्त्र त्या एका वाक्यात होतं आणि ते चुकीचं नव्हतं.

मला मात्र पुढं शिकताना मीठ बाहेर पडताना जेवढं दिसलं, त्याहून आत जाताना जास्त दिसलं. दिवसभर माग सांभाळणाऱ्या त्या दंडांतली एकेक पेशी आम्ल तयार करत होती आणि प्रोटॉन बाहेर टाकत होती. त्याच्या अनेक वाटा आहेत. त्यातली एक अशी, की बाहेरचा एक सोडियम आत घ्यायचा आणि त्याच्या बदल्यात आतला एक प्रोटॉन बाहेर सोडायचा. एकास एक. दोघांवरचा भार सारखाच, त्यामुळे विजेचा हिशेब बिघडत नाही. हे काम करणारं प्रथिन पेशीपटलात आरपार बसलेलं असतं. त्याचं नाव एनएचई, म्हणजे सोडियम-हायड्रोजन एक्स्चेंजर या लांबलचक नावाची आद्याक्षरं.

यातली गंमत अशी की हे प्रथिन स्वतः ऊर्जेचा एक कणही खर्च करत नाही. मग प्रोटॉनला उताराविरुद्ध बाहेर ढकलायचं बळ येतं कुठून? सोलापूरकराला हे समजवायला फार कष्ट पडत नाहीत. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. आलं की मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायची. विजेचा खर्च काय तो तेव्हा. पुढचे दिवस वीज असो नसो, तोटी सोडली की पाणी आपल्या वजनानं खाली येतं. पेशीची मोटर म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप. एटीपी म्हणजे पेशीचं इंधन; त्याचा एक रेणू जाळून तो तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे बाहेर सोडियम १४० आणि आत जेमतेम १०-१५, असा मोठा उतार तयार होतो. एनएचई त्या उतारानं सोडियमला आत येऊ देतं आणि त्याच जोरावर प्रोटॉनला बाहेर काढतं. या मोटरचं बिलही छोटं नाही. आपण निवांत पडलेलो असतानाही शरीर जी ऊर्जा खर्चतं, तिचा पाचवा हिस्सा तरी एकट्या या पंपाकडे जातो.

हा पंप डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठातल्या येन्स स्कोऊ यांना सापडला, तो खेकड्याच्या पायातल्या नसांत. निबंध १९५७ चा, नोबेल १९९७ चं. मधे चाळीस वर्षं. नोकरीत वेतनवाढ अडकली की स्टाफरूममध्ये मी ही तारीख सांगते. कुणाला हसू येत नाही.

अदलाबदल करणाऱ्या प्रथिनाचा पुरावा १९७६ साली मिळाला. मुरर, हॉपफर आणि किने या तिघांनी उंदराच्या आतड्याच्या आणि मूत्रपिंडाच्या पेशींवरची बारीक झालर वेगळी काढली. ती खरवडून घुसळली की पटलाचे तुकडे आपोआप मिटून त्यांच्या बंद पिशव्या होतात. पेशी नाही, केंद्रक नाही, एटीपी नाही, नुसत्या पिशव्या. सोडियम आत गेलं की बाहेरचं पाणी आंबायला लागलं, आणि आत आधीपासून आम्ल असलं तर सोडियम जास्त झपाट्यानं आत शिरलं. मला हा प्रयोग फार आवडतो. एवढ्या गुंतागुंतीच्या अवयवातलं नको ते सगळं काढून टाकून, उरलेल्या कातड्याला एकच प्रश्न विचारलाय. पुढं १९८९ मध्ये फ्रान्समधल्या नीस इथं पुसेगूर यांच्या गटानं माणसातल्या अशा प्रथिनाचं जनुक वेगळं केलं. तेच एनएचई-१, जवळपास प्रत्येक पेशीत सापडणारं. त्याच्या नावात नंबर आहे, कारण मागून भावंडं निघाली. आपल्याला इथं लागेल ते तिसरं, एनएचई-३.

एक गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात हुशारीची तीच आहे. सोडियमचा उतार दसपट आहे, म्हणजे हिशेबानं या प्रथिनानं पेशीचा सामू ८.४ पर्यंत चढवायला हवा. तसं होऊ दिलं तर पेशी आम्लानं नाही, अल्कलीनं मरेल. तसं होत नाही. १९८२ साली पीटर अॅरनसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या प्रथिनाच्या आतल्या बाजूला प्रोटॉन बसण्याची आणखी एक जागा आहे. वाहून न्यायच्या प्रोटॉनची ती नव्हे. तिथं प्रोटॉन येऊन बसला तरच काम जोरात चालतं. आत आम्ल कमी झालं, ती जागा रिकामी झाली, की उतार कितीही असो, प्रथिन थंड पडतं. काम करणारा, मागे वळून बघणारा, आणि पुरे झालं म्हणणारा एकच. माणसांत हे तिन्ही गुण एकत्र क्वचित.

हृदयविकारात मात्र ही व्यवस्था उलटते. रक्तपुरवठा तुटला की स्नायू आंबतो, एनएचई-१ जिवाच्या आकांतानं प्रोटॉन बाहेर टाकतं आणि तितकंच सोडियम आत घेतं. इकडे एटीपी संपलेला, मोटर बंद. आत साचलेलं सोडियम मग कॅल्शियमला आत ओढून आणतं आणि स्नायू त्या कॅल्शियमनं आखडून मरतो. म्हणून हे प्रथिन बंद करणारं कॅरिपोराइड नावाचं औषध बायपासच्या रुग्णांना देऊन पाहिलं. हृदयाचे झटके कमी झाले, मेंदूचे वाढले, एकूण मृत्यूही वाढले, आणि औषध तिथंच थांबलं.

मूत्रपिंडाकडे येऊ. दिवसाला १८० लिटर पाणी रक्तातून गाळलं जातं आणि त्याच्याबरोबर दीड किलोच्या आसपास मीठ नळ्यांत उतरतं. दीड किलो! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. आपण खातो त्याहून जास्त, आणि वर शेंगाचटणी. म्हणजे गाळलेलं जवळजवळ सगळं परत घ्यावं लागतं. त्यातलं दोनतृतीयांश पहिल्याच वळणावर परत येतं आणि तिथं एनएचई-३ चा मोठा हात असतो. सोडियम परत घेताना ते नळीत प्रोटॉन सोडतं. तो प्रोटॉन नळीतल्या बायकार्बोनेटला भेटतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड होतो, तो पेशीत शिरतो आणि आत पुन्हा बायकार्बोनेट होऊन रक्तात जातो. एका अदलाबदलीत दोन कामं झाली: मीठ वाचलं आणि रक्तातला आम्लाला आवर घालणारा साठाही वाचला. मूत्रपिंड थकलेल्या माणसाला डॉक्टर सोडा बायकार्बच्या गोळ्या का देतात, हे कुणी विचारलं की मी ही गोष्ट सांगते. विचारणारा बहुतेक वेळा गोळीची वेळ विचारत असतो, पण तेवढं चालायचं.

हेच एनएचई-३ आतड्यातही आहे. आणि तिथं पोचलं की सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला पंढरपूर आठवणारच.

पटकी, म्हणजे कॉलरा, आपल्याकडे मरीआईचा कोप. गावाबाहेर तिचं देऊळ, आणि साथ आली की तिचा गाडा पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचा. एकोणिसाव्या शतकात आषाढीची गर्दी आणि पटकीची साथ हे दोन शब्द इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदांत जोडीनं येत. चंद्रभागेचं पाणी, लाखोंची दाटी, उघड्यावरचा मुक्काम. माणूस सकाळी धडधाकट, संध्याकाळी डोळे खोल गेलेले, आणि रात्रीत संपलेला. आतून नेमकं काय होतं ते कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं. जंतू गाळून काढून टाकले तरी उरलेल्या पाण्यात विष राहतं आणि ते एकटं आतड्यातून पाणी काढू शकतं. ते विष आतड्याच्या पेशीत सीएएमपी नावाचा निरोप्या रेणू भरमसाट वाढवतं. त्याचे परिणाम दोन. एकीकडे क्लोराइडची वाट सताड उघडते आणि त्याच्यामागे पाणी बाहेर धावतं. दुसरीकडे एनएचई-३ थंडावतं, म्हणजे सोडियम, आणि सोडियममागून येणारं पाणी, परत घ्यायची नेहमीची सोयच बंद. भोक पडलंय आणि भरणंही थांबलंय.

असल्या माणसाला नुसतं मिठाचं पाणी पाजून उपयोग नाही, कारण मीठ शोषणारी वाट बंद आहे. वाचवलं ते शेजारच्या दुसऱ्या वाटेनं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडलं होतं की आतड्यात ग्लुकोज एकटं शिरत नाही, सोडियमचा हात धरून शिरतं. पटकीचं विष या वाटेला हात लावत नाही. म्हणून मीठ आणि साखर दोन्ही, ठरावीक मापात. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी सीमेवरच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडची सलाइन संपत आली, तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातात दिलं. तीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. आज ओआरएसच्या पुडीत लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. वारीच्या दिवसांत आमचे एनएसएसचे विद्यार्थी या पुड्या वाटतात. एक मावशी पाणी चाखून म्हणाल्या होत्या, "गोड कशाला केलंय बाई, मला साखर हाय." त्यांना सोडियमचा हात धरणाऱ्या ग्लुकोजची गोष्ट रस्त्याच्या कडेला उभं राहून सांगणं मला जमलं नाही. डॉक्टरांच्या तंबूकडे बोट दाखवलं.

गंमत बघा, जे एनएचई-३ बंद पडल्यानं माणसं मेली, तेच आता मुद्दाम थोडं बंद करतात. टेनापॅनॉर नावाची गोळी आहे, ती आतड्याबाहेर जवळजवळ शोषलीच जात नाही. तिथल्या तिथं एनएचई-३ अडवते, सोडियम आणि पाणी आतड्यात राहतं, बद्धकोष्ठ सुटतं. अमेरिकेत २०१९ साली तिला परवानगी मिळाली.

इथवर सगळा कारभार प्राण्यांचा झाला. मला जे सांगायचंय त्याचा दुसरा अर्धा भाग मोहोळ तालुक्यात आहे.

मामांचं रान तिथं आहे. वरचं पाच एकर हलकं, त्यात डाळिंब. खालचं भारी काळं, ओढ्याकडे उतरणारं. आजोबांच्या वेळी त्यात रब्बीची ज्वारी व्हायची. मोहोळच्याच संशोधन केंद्रातून निवडून काढलेली मालदांडी. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, पुढं पावसाचा भरवसा नाही, काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर निघायची. १९८० मध्ये उजनी धरण झालं, पाणी आलं, मागोमाग ऊस आला, कारखाने आले. ऊस म्हणजे हुकमी पैसा. त्याला नावं ठेवणारे बहुतेक पगारी लोक असतात, मीही त्यातलीच. पण खालच्या रानाला मोकळं पाणी देत राहिलं की काय होतं ते तिथं उभं राहून बघण्यासारखं आहे. उन्हाळ्यात सऱ्यांच्या माथ्यावर पांढरी भुकटी फुटलेली असते. तिला बोट लावून जिभेवर ठेवलं तर खारट, मागून जरा कडवट. त्यापुढच्या पट्ट्यात भुकटी नाही, तिथं माती वरून काळपट, चिकट तकतकीत. पाऊस पडला की पाणी तसंच उभं राहतं, मुरत नाही. वाळली की विटेगत कडक, कुळव वरून घासत जातो. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, म्हणून येत नाही. उसाची पानं कडेनं करपत येतात, टोकाकडून देठाकडे. मामांच्या भाषेत, "मीठ फुटलं ते परवडलं, चोपण झालं ते रान गेलं."

दोन्ही खरंच वेगळी दुखणी आहेत. क्षारपड जमिनीत विरघळलेलं मीठ जास्त. निचरा करून चांगल्या पाण्यानं धुतली तर सुधारते. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांवर जाऊन बसलेलं असतं. कणांवरच्या एकूण जागांपैकी पंधरा टक्क्यांहून जास्त त्यानं बळकावल्या आणि सामू साडेआठच्या वर गेला की तिला चोपण म्हणतात. कॅल्शियम मातीच्या कणांना एकमेकांशी धरून ठेवतं. सोडियम त्यांना सुटं करतं, सुटे कण भोकं बुजवतात, आणि पाण्याची वाट बंद. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असेल तर ते कॅल्शियमला चुनखडी करून खाली बसवतं आणि मागे सोडियमला रान मोकळं.

अशा मातीत मुळांचं कसं होत असेल? इथं मला जीवशास्त्रातली सगळ्यात देखणी वाटणारी गोष्ट येते. वनस्पतींकडे सोडियम-पोटॅशियम पंपच नाही. त्यांची मोटर वेगळी: एटीपी जाळून त्या प्रोटॉन बाहेर फेकतात. मुळाच्या पेशीबाहेर सामू साडेपाचच्या आसपास, आत सवासात-साडेसात. म्हणजे त्यांचा उतार सोडियमचा नाही, प्रोटॉनचा. आणि त्यांच्याही पेशीपटलात तीच अदलाबदल करणारी प्रथिनं आहेत. एनएचईच्याच कुळातली, फक्त उलटी चालणारी. प्रोटॉन उतारानं आत येतो, त्या जोरावर सोडियम बाहेर. अण्णांच्या दंडातली पेशी सोडियम खर्चून आम्ल घालवत होती. ज्वारीचं मूळ आम्ल खर्चून सोडियम घालवतं. एकाचं नाणं ते दुसऱ्याचं ओझं. जिवाणूंतही याचं दूरचं भावंड आहे, एनएचएए. २००५ मध्ये त्याची रचना क्ष-किरणांनी उलगडली. ते दोन प्रोटॉनांवर एक सोडियम बाहेर काढतं, सेकंदाला हजाराच्या वर.

वनस्पतीचे उपाय दोन. मुळाच्या सीमेवरच सोडियम परत बाहेर टाकायचं; ते एसओएस-१ नावाचं प्रथिन करतं. त्यातून जे आत शिरेल ते रिकामी जागा बघून कोंडायचं. पेशीतली मोठी रिक्तिका, म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी, त्यासाठीच. रिक्तिकेच्या पटलावर एनएचएक्स नावाची प्रथिनं असतात, ती प्रोटॉन घेऊन सोडियम आत ढकलतात. ब्लुमवाल्ड आणि पूल यांनी १९८५ मध्ये बीटाच्या कंदातल्या रिक्तिकांवर हे दाखवलं. पुढं १९९९ मध्ये ब्लुमवाल्ड यांच्या गटानं हे प्रथिन जास्त प्रमाणात बनवणारं रोपटं तयार केलं, आणि २००१ मध्ये टोमॅटो. तो टोमॅटो २०० मिलिमोल मिठाच्या पाण्यात वाढला, फुलला आणि फळला. समुद्राच्या खारटपणाच्या चाळीसेक टक्के झालं ते. मीठ पानांत साठलं, फळात फारसं नाही.

चोपण जमिनीत आणखी एक गोची आहे आणि ती मला पुष्कळ उशिरा उमगली. मुळाबाहेर सामू नऊच्या घरात गेला तर बाहेर प्रोटॉनच नाहीत. सोडियम जास्तीत जास्त आणि ते हाकलायला लागणारं चलन कमीत कमी. पिकाला एकदम दोन्हीकडून कात्री लागते. २०२३ मध्ये चीनच्या संशोधकांनी अल्कली सोसणारं एक जनुकस्थान शोधलं, एटी-१, आणि ते सापडलं ज्वारीत. ते बंद पाडलं की ज्वारी, भात, मका ही पिकं अशा जमिनीत जास्त तग धरतात. यात सोडियमचा थेट संबंध नाही. पेशीत साचणारं हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर काढायच्या वाटा मोकळ्या होतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी खाणाऱ्या माणसाला ही बातमी पहिल्या पानावर हवी होती. आली नाही.

मी हे सगळं मामांना सांगितलं. बांधावर, चहा पिताना. जमिनीचा खारटपणा मोजायचं डेसीसायमन प्रति मीटर नावाचं एकक आहे, त्यानुसार ऊस १.७ पर्यंत सोसतो आणि ज्वारी ६.८ पर्यंत, हेही सांगितलं. ज्वारी सोडियम पानांपर्यंत फारसं पोचूच देत नाही. मामांनी ऐकून घेतलं.

"म्हंजी ऊस मोडून जुंधळा लाव म्हणतीस."

"तसं नाही मामा. खालच्या पट्ट्यात तरी."

"कारखाना जुंधळा घेत न्हाई."

मग मी टोमॅटोकडे वळले. त्यांचे डोळे जरा चमकले. मिठाच्या पाण्यात टोमॅटो म्हणजे काय खायची गोष्ट नाही. दोन घोट शांततेत गेले आणि मग ते म्हणाले, "बरं, पण मीठ गेलं कुठं?"

"पानांत."

"आन् पानं?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही, कारण उत्तर त्यांना माहीत होतं. पानं गळतात, कुजतात, मीठ पुन्हा त्याच मातीत. पान, देठ सगळं उपटून रानाबाहेर नेलं तरी एका हंगामात जेवढं जातं, त्याहून जास्त पाटाचं आणि बोअरचं पाणी आणून टाकतं. पेशीला बाहेर टाकायला अख्खं जग आहे. रानाला बाहेर म्हणजे ओढा.

मामांनी स्वतः जे चालवलंय ते साधं आणि बरोबर आहे. माती तपासून आणली. माती चुनखडीची निघाली, म्हणून जिप्समऐवजी शेणखतातून गंधक टाकलं. जमिनीतले जिवाणू गंधकापासून आम्ल बनवतात, त्या आम्लातले प्रोटॉन चुनखडी विरघळवतात, सुटं झालेलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून उठवतं. इथंही शेवटी प्रोटॉन खर्चूनच सोडियम हटतंय, फक्त मधे कॅल्शियम आहे आणि पेशी नाही. मी हे बोलून दाखवलं तेव्हा मामा म्हणाले, "व्हय की," आणि पोत्याचं तोंड बांधायला लागले. पावसाआधी धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून फुलायच्या आत गाडायचा, एवढंही ठरलंय.

अडलंय ते निचऱ्यावर. उठवलेलं सोडियम वाहून जायला चर लागतो, चार-साडेचार फूट खोल, ओढ्यापर्यंत. ओढा मधे कुणीतरी नांगरून घेतलाय. चर पुढं काढायचा तर खालच्या रानातून जातो, आणि खालचा गडी म्हणतो तुमचं मीठ माझ्या रानात नको. त्याचंही खोटं नाही. मामांनी जुना गावनकाशा आणलाय, त्यात ओढा स्पष्ट आहे. मोजणीचे पैसे भरलेत. तोवर वरच्या सरीपर्यंत ऊस आहेच, आणि आडसाली म्हणजे अजून वर्षभर तरी निघणार नाही.